कमी खर्चात बुलेटची फायरिंग सुधारायची तर

रॉयल एनफील्डची बुलेट हातात आली की महिन्याभरात सायलेन्सरचा विषय निघतो. गॅरेजमधलं उत्तर ठरलेलं असतं: मूळचा काढा, लाँग बॉटल (बाजारातला लांब, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर) टाका, नाहीतर आतली जाळी फोडून घ्या. त्याने आवाज वाढतो, चांगला होतो असं नाही. खोल, भरीव, एकसारखा ठोका, म्हणजेच फायरिंग, बहुतेक गाड्यांच्या मूळ सायलेन्सरमध्येच असतो. गळक्या जोडांनी, सैल पट्ट्यांनी आणि बिघडलेल्या आयडलिंगने (थ्रॉटल न देता उभ्या गाडीचं इंजिन चालण्याने) तो दबलेला असतो, इतकंच. तो परत आणायला लागणारं सामान, म्हणजे पॅकिंग, क्लॅम्प, रबरं आणि प्लग, बहुधा हजार-दीड हजारात येतं.

खालची माहिती मुख्यतः २००९ ते २०२० या काळातल्या ३४६ सीसी यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेल्या) इंजिनच्या क्लासिक आणि बुलेट ३५० धरून दिली आहे, कारण सेकंडहँड बाजारात याच सर्वांत जास्त दिसतात. जोडांची तपासणी, पॅकिंग आणि काचवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) बदलणं हे पल्सर, युनिकॉर्न, अपाचे अशा कुठल्याही फोर-स्ट्रोक गाडीला तसंच लागू आहे. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकचं गणित वेगळं आहे. तिथे सायलेन्सरच्या फुगवट्याची आणि निमुळत्या भागाची लांबी इंजिनच्या ताकदीशी जुळवलेली असते, त्यामुळे या पद्धती तिथे वापरू नका.

ठोका बनतो कसा

फोर-स्ट्रोक सिंगल सिलिंडर इंजिन क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतं. आयडलिंग १००० आरपीएमला (मिनिटाला क्रँकच्या १००० फेऱ्या) असेल तर मिनिटाला ५०० आणि सेकंदाला साधारण ८ स्फोट होतात. इतक्या संथ लयीत कानाला प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. ३००० आरपीएमला सेकंदाला २५ होतात आणि ठोके मिसळून एक सूर होतो. बुलेटचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिमी आणि बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी, फ्लायव्हील जड, म्हणून ती खालच्या आरपीएमवर निवांत चालते. तिची फायरिंग वेगळी वाटते ती यामुळे.

प्रत्येक ठोक्यात दोन गोष्टी असतात: खालचा जाड, घुमणारा भाग आणि वरचा तीक्ष्ण, टाळी वाजल्यासारखा भाग. कानाला बोचतो तो वरचा. स्टॉक सायलेन्सरमध्ये पत्र्याचे कप्पे असतात. वायू एका कप्प्यातून नळीने दुसऱ्यात जातो, आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून मागे फिरतात आणि एकमेकींना मारतात. बाजारातल्या सरळ नळीच्या सायलेन्सरमध्ये छिद्रांची नळी आणि तिच्याभोवती काचवूल असतं. वूल मुख्यतः वरचा तीक्ष्ण भाग शोषतं आणि खालचा जाऊ देतं. कप्पे फोडले किंवा वूल जळून गेलं की तीक्ष्ण भाग मोकळा सुटतो. मग शेजाऱ्याला कर्कश ऐकू येतं आणि चालवणाऱ्याला ६० च्या वेगावर डोक्यात घुमतं. खोल आवाज हवा असेल तर तीक्ष्ण भाग दाबायचा असतो, आणि सगळं मोकळं करून नेमकं उलट होतं.

आधी मोजून ठेवा

कानाची आठवण फसवी असते, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आवाज मोजून ठेवा. मोबाइलवरचं डेसिबल ॲप कायदेशीर पुरावा म्हणून निरुपयोगी आहे, पण त्याच फोनवर आधीची आणि नंतरची तुलना करायला पुरतं. फोन सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर लांब, तोंडाच्या उंचीवर आणि वायूच्या दिशेपासून ४५ अंश बाजूला ठेवा. वायूच्या थेट झोतात ठेवलात तर आकडा खोटा येईल. उभ्या गाडीच्या चाचणीत ज्या इंजिनची कमाल ताकद ५००० आरपीएमच्या वर येते, ते त्या आरपीएमच्या निम्म्यावर मोजतात. यूसीई ३५० ची कमाल ताकद ५२५० ला येते, म्हणजे साधारण २६०० आरपीएम धरा. क्लासिकला टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारा काटा) नसतो. प्लगच्या वायरला गुंडाळायचा स्वस्त डिजिटल टॅको मिळतो, तो पुढे आयडलिंग लावायलाही कामी येतो. जागा मोकळी हवी, दोन-तीन मीटरच्या आत भिंत नको. सोबत आयडलिंगचा आणि ४० च्या वेगाने जवळून जाताना असा एक-एक मिनिट आवाज रेकॉर्ड करून ठेवा.

डेसिबलचा आकडा वाचताना एवढं लक्षात असू द्या: ३ डेसिबल वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट, आणि साधारण १० वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो.

गळती शोधणे

फायरिंग बिघडण्याचं पहिलं कारण गळती. जागा तीन: हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) बेंड पाइप (इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतची वाकडी नळी) जिथे बसतो तिथलं पॅकिंग, बेंड पाइप आणि सायलेन्सर यांचा जोड, आणि सायलेन्सरच्या खालच्या बाजूला गंजून पडलेली भोकं.

इंजिन पूर्ण थंड असताना तपासणी सुरू करा, कारण धातू तापला की फुगतो आणि बारीक फट बंद होते. सकाळी पहिल्या स्टार्टला टिक-टिक ऐकू येते आणि दहा मिनिटांनी जाते, हे गळक्या पॅकिंगचं ठळक लक्षण आहे. बरेचजण याला टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज समजतात. यूसीईमध्ये हायड्रॉलिक टॅपेट आहेत, त्यांना रोजचं सेटिंग नसतं, त्यामुळे टॅपेट टाइट करून घेण्यावर पैसे घालवण्याआधी पॅकिंग बघा.

गाडी मोकळ्या हवेत मेन स्टँडवर लावा आणि स्टार्ट करा. जाड हातमोजा घालून ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंद दाबा. आतला दाब वाढतो आणि गळक्या जोडातून फुस्स असा आवाज येतो. सगळे जोड घट्ट असतील तर इंजिन गुदमरून बंद पडू पाहील. नेमकी जागा शोधायला साबणाचं पाणी स्प्रे करा, पण पाइप तापायच्या आत, पहिल्या मिनिटात. पेटती उदबत्ती जोडाजवळ फिरवली तर धूर जिथे थरथरतो तिथे फट असते. मात्र कार्ब्युरेटर किंवा पेट्रोलचा नळ थेंबभरही झिरपत असेल तर उदबत्ती लांबच ठेवा. काजळीचे काळे ओघळ दिसले तर वेगळ्या तपासणीची गरजच नाही.

गळतीने दोन गोष्टी बिघडतात. एक, तीक्ष्ण आवाज सायलेन्सरमधून न जाता थेट बाहेर पडतो. दोन, प्रत्येक स्फोटानंतर पाइपमध्ये क्षणभर दाब कमी होतो आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. थ्रॉटल सोडल्यावर न जळलेलं पेट्रोल त्या हवेत पेटतं आणि फटफट असे फटाके वाजतात. अनेकजण ते हौसेने ऐकतात. प्रत्यक्षात ती पॅकिंग गेल्याची सूचना असते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत आणखी एक भर पडते. फट ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर आत आलेल्या हवेमुळे ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) वाटतं, तो जास्त पेट्रोल सोडतो, आवाज जड होतो आणि ॲव्हरेज पडतं.

पॅकिंग बदलणे

सामान: हेडचं नवं एक्झॉस्ट पॅकिंग (आपल्याच मॉडेलचं, कंपनीचं), सायलेन्सरचा नवा क्लॅम्प, माउंटिंगची रबरं, कॉपर अँटी-सीझ ग्रीस, गंज सोडवणारा स्प्रे, पितळी ब्रश. पाने रिंगचे किंवा सॉकेटचे वापरा. फिक्स पान्याने नटाच्या कडा मोडतात.

आदल्या रात्री हेडवरच्या दोन्ही नटांना, क्लॅम्पच्या बोल्टला आणि मागच्या माउंटिंगला स्प्रे मारून ठेवा. या पायरीला कंटाळू नका. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये लोखंडी स्टड (डोकं नसलेला, कायम बसवलेला बोल्ट) वर्षानुवर्षं तापून-गार होऊन धरलेला असतो आणि जोर लावला की सरळ तुटतो. तुटलेला स्टड काढायचा खर्च बाकीच्या सगळ्या कामापेक्षा जास्त येतो.

दुसऱ्या दिवशी गाडी निदान तासभर थंड झालेली असताना मागून पुढे खोलत या. आधी मागचं माउंटिंग सैल करा, मग मधला क्लॅम्प, मग हेडचे नट. नट अडला तर एक अष्टमांश फेरी सोडवा, तेवढीच परत आवळा, स्प्रे मारा, पुन्हा सोडवा. जोरात झटका देऊ नका. तरीही स्टड तुटलाच तर त्यात बारीक ईझी-आउट (तुटका बोल्ट काढायचं हत्यार) घालण्याच्या फंदात पडू नका. तो कडक पोलादाचा असतो, आत मोडला की ड्रिलसुद्धा चालत नाही. स्टडचं टोक बाहेर असेल तर त्यावर नट वेल्ड करून फिरवणं हा खात्रीचा मार्ग. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकडही सुटते. बॅटरीची वायर काढूनच वेल्डिंग करू द्या. आटेच गेले असतील तर चांगल्या लेथवाल्याकडून हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवून घ्या.

पाइप निघाला की हेडच्या तोंडातलं जुनं पॅकिंग पूर्ण काढा. ते दबून धातूचाच भाग असल्यासारखं दिसतं आणि पुष्कळ मिस्त्री त्यावरच नवं बसवतात. मग नवंही आठ दिवसांत गळतं. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडताना ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला तर तिथून कायमची गळती लागते, म्हणून पितळी ब्रश आणि लाकडी काडी वापरा. एकदा दाबलं गेलेलं पॅकिंग पुन्हा वापरायचं नाही, दिसायला कितीही चांगलं असो. तिथे लाल सिलिकॉन लावायचा सल्लाही मिळेल. ते साधारण ३०० अंशांपर्यंतचं काम करतं आणि हेडच्या तोंडाशी तापमान त्याच्या बरंच वर जातं. आठवडाभरात त्याची राख होते.

बसवताना क्रम उलटा. स्टडला अगदी थोडं अँटी-सीझ ग्रीस, पॅकिंग जागेवर, पाइप आत, दोन्ही नट फक्त हाताने. मग सायलेन्सर जोडा, मागचे बोल्ट हातानेच लावा. सगळं सैल असताना सायलेन्सर हलवून पाहा. तो स्वतःच्या वजनाने, कुठेही ओढ न देता बसला पाहिजे. बोल्टचं भोक जुळत नाही म्हणून सायलेन्सर खेचून बोल्ट घातला तर तो ताण थेट हेडच्या पॅकिंगवर येतो. पुढे बेंड पाइपला किंवा माउंटिंगच्या पत्र्याला तडा जातो तो या कारणाने. जुळणी बरोबर असेल तर आधी हेडचे नट आळीपाळीने अर्धी-अर्धी फेरी देत आवळा, मग क्लॅम्प, शेवटी मागचं माउंटिंग. टॉर्क मॅन्युअलमधलाच घ्या. तो हाताशी नसेल तर ॲल्युमिनियममधल्या ८ मिमी स्टडला १८ ते २० न्यूटन-मीटर पुरे. लांब पान्याला लोंबकळून आवळायचं हे ठिकाण नाही.

स्टार्ट करण्यापूर्वी क्रोमवरचे हाताचे डाग स्पिरिटने पुसून घ्या. पाइप एकदा तापला की ते बोटांचे ठसे कायमचे भाजून निघतात. पहिल्या ५० किलोमीटरनंतर, गाडी गार झाल्यावर, सगळे नट एकदा पुन्हा तपासा. नवं पॅकिंग दबतं आणि नट हमखास थोडे सैल पडतात.

खडखड काढणे

सायलेन्सरवर रबरी हातोडीने किंवा मुठीने हलकेच ठोका. टणक, बंद आवाज आला तर ठीक. आत काही हललं, पत्रा वाजला, तर आतल्या कप्प्याचा जोड सुटला आहे. अशा सायलेन्सरवर पैसे खर्च करू नका, चांगल्या स्थितीतला कंपनीचा जुना सायलेन्सर शोधा. ज्यांनी घेतल्या-घेतल्या लाँग बॉटल टाकली, त्यांच्याकडे मूळचा माळ्यावर पडून असतो आणि गॅरेजवाल्यांना ते ठाऊक असतं. आमच्या मते बुलेटवाल्यासाठी बाजारातली सर्वांत स्वस्त आणि चांगली खरेदी हीच आहे. घेताना तळाचा भाग, वेल्डिंगच्या कडा आणि माउंटिंगची पट्टी बघा, आणि उभा धरून हलवा.

बाकीची खडखड किरकोळ असते पण कानाला फार लागते. हीट शील्डचे स्क्रू, क्लॅम्पची मोकळी शेपटी, कडक झालेली माउंटिंगची रबरं, मेन स्टँड वर गेल्यावर सायलेन्सरला घासतो का, मागच्या ब्रेकचा पेडल पाइपला टेकतो का. इंजिन चालू ठेवून, जाड हातमोजा घालून, एकेक पत्रा दाबून पाहा. ज्याला दाबल्यावर आवाज थांबतो तो सापडला. सायलेन्सरच्या तळाशी मागे एक बारीक भोक असतं. ते गळतीचं नाही, पाणी जायचं आहे. पेट्रोल जळून वाफ तयार होते, थंड सायलेन्सरमध्ये तिचं पाणी होतं, आणि ते भोक एम-सीलने बुजवलं तर सायलेन्सर आतून सडतो. कोकणात आणि गोव्यात दमट, खारट हवेमुळे हा प्रकार लवकर होतो. तिथे रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या होत असतील तर आठवड्यातून एकदा गाडी वीसेक मिनिटं चांगली तापू द्या.

आत काजळी साचली म्हणून कॉस्टिक सोड्याने धुवायची पद्धत टू-स्ट्रोकच्या काळातली आहे. फोर-स्ट्रोकला तिची गरज नसते. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) निकामी करतं. तोंडाशी ओली, तेलकट काजळी दिसत असेल तर इंजिन ऑइल जाळतंय, ते आधी बघा.

आवाजाचं मूळ इंजिनात

यूसीई ३५० ला दोन स्पार्क प्लग असतात. एक मेला तरी गाडी चालते, फक्त ठोका बसका आणि लंगडा होतो, आणि मालक सायलेन्सर बदलत बसतो. दोन्ही प्लग एकदमच बदला आणि काढलेल्यांचा रंग बघा. फिकट तपकिरी उत्तम, कोरडी काजळी म्हणजे मिश्रण जाड, पांढराफटक म्हणजे पातळ. एअर फिल्टर बंद झाला असेल तर मिश्रण जाड होतं आणि आवाज कोंडतो. नवा टाका, पण एअरबॉक्सला (फिल्टरच्या डब्याला) भोकं पाडू नका. हवा ओढण्याचा आवाज एरवी डबा दाबून ठेवतो. तो मोकळा झाला की पुढून घरघर येते, आणि २९ मिमीचा सीव्ही कार्ब्युरेटर डब्यातल्या हवेच्या दाबावरच स्लाइड (हवेची वाट उघडणारा सरकता भाग) उचलत असल्याने थ्रॉटल उघडताना गाडी अडखळते.

आयडलिंगबद्दल स्पष्ट लिहायला हवं. धक-धक सुटी ऐकू यावी म्हणून अनेकजण आयडलिंग ७००-८०० पर्यंत उतरवतात. ऐकायला छान वाटतं. पण त्या आरपीएमला ऑइल पंप कमी तेल ढकलतो, हायड्रॉलिक टॅपेटना पुरेसा दाब मिळत नाही, हेडमध्ये तेल कमी पोचतं आणि बॅटरी चार्ज होत नाही. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम झाल्यावर आयडलिंग मॅन्युअलप्रमाणे, म्हणजे हजाराच्या थोडं वर, लावा. हाच आकडा स्थिर राहिला, वर-खाली झाला नाही, की ठोका आपोआप एकसारखा येतो. स्थिर राहत नसेल तर इनटेकचं रबर तडकलंय का, कार्ब्युरेटरचा पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारं बारीक भोक) तुंबलाय का, हे पाहा. मिश्रणाचा स्क्रू पीयूसीच्या मशीनवर आकडा बघतच लावून घ्या, अंदाजाने फिरवू नका.

आधीच मोठा सायलेन्सर लावलेली गाडी घेतली असेल तर

जुन्या गाडीला आधीच्या मालकाने लावलेली लाँग बॉटल, शॉर्ट बॉटल किंवा मेगाफोन असतो आणि मूळ सायलेन्सर हरवलेला असतो. रस्त्यावर चालवायला मूळ प्रकारचाच सायलेन्सर परत बसवावा लागेल. पण सरळ नळीचा सायलेन्सर खाजगी जागेत किंवा ट्रॅकवर वापरणार असाल, किंवा मूळचा मिळेपर्यंत निदान शेजाऱ्यांना त्रास नको असं वाटत असेल, तर त्यातलं वूल बदलणं हे स्वस्त आणि घरी जमणारं काम आहे. वूल जळून उडालेला सायलेन्सर पत्र्यासारखा फाटक्या आवाजात वाजतो. नवं भरलं की तोच आवाज गोल आणि जाड होतो.

सायलेन्सर गाडीवरून काढा. मागच्या झाकणाचे रिव्हेट बहुधा ४.८ मिमीचे असतात. त्यांची डोकी ५ मिमी ड्रिलने उडवा आणि झाकण रबरी हातोडीने चहूबाजूंनी हलकं ठोकत काढा. जुनं वूल काढताना मास्क, चष्मा आणि हातमोजे हवेतच. काचेचे तंतू त्वचेत आणि छातीत जातात. काम घरात नको, अंगणात करा आणि अंगावरचे कपडे वेगळे धुवा. आतल्या जाळीच्या नळीची भोकं काजळीने बुजली असतील तर तारेच्या ब्रशने मोकळी करा. नळीच तुटली असेल तर काम थांबवा, नवं वूल पहिल्याच दिवशी तोंडातून बाहेर येईल.

वूल किती लागेल ते मोजून काढा. बाहेरच्या डब्याचा आतला व्यास ९० मिमी, जाळीची नळी ४० मिमी आणि लांबी ३०० मिमी असेल तर मधली जागा साधारण दीड लिटर भरते. लिटरला १०० ते १३० ग्रॅम हे प्रमाण धरलं तर दीडशे ते दोनशे ग्रॅम वूल हवं. इथे हात सैल किंवा घट्ट होऊन चालत नाही. कमी भरलं तर वूल आत हलतं, झिजतं आणि उडून जातं. कोंबून भरलं तर त्यातली हवेची पोकळी संपते, आणि आवाज शोषला जातो तो त्या पोकळीतच. वूल सायलेन्सरसाठीचंच घ्या, ई-ग्लासच्या लांब तंतूंचं किंवा बसाल्टचं. छताच्या इन्सुलेशनचं वूल स्वस्त असतं, पण त्यातला डिंक जळून धूर येतो आणि ते महिन्यात चुरा होतं.

जाळीच्या नळीवर आधी स्टेनलेस स्टीलच्या वूलचा एक पातळ थर गुंडाळा. तो वायूचा थेट मार आणि उष्णता झेलतो आणि काचवुलाचं आयुष्य बरंच वाढवतो. भांडी घासायची लोखंडी तार नको, ती गंजते. त्यावर काचवूल एकाच दिशेने, सारख्या जाडीत गुंडाळा, कागदी टेपने दोन-तीन जागी बांधा (टेप पुढे जळून जातो) आणि गुंडाळण्याच्याच दिशेने फिरवत डब्यात सरकवा. झाकणाच्या कडेला उष्णता सोसणारं सिलिकॉन लावा. इथे तापमान कमी असल्याने ते चालतं. मग स्टेनलेसचे रिव्हेट मारा. ॲल्युमिनियमचे रिव्हेट कंपनांनी सैल होतात. सिलिकॉन २४ तास सुकू द्या. पहिल्या काही किलोमीटरमध्ये थोडा धूर आणि वास येईल, तेवढा चालेल.

तोंडात डीबी किलर (आवाज कमी करणारी आतली नळी) नसेल तर तोंडाचा आतला व्यास व्हर्नियरने मोजून त्या मापाचा घ्या. सैल बसवून फक्त स्क्रूवर लटकवला तर तो वाजत राहतो आणि एके दिवशी मागच्या गाडीवर उडतो. तो कडेला नीट टेकला पाहिजे आणि स्क्रू स्टेनलेसचा, लॉकनटसकट हवा.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने प्रमाणित केलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२० नुसार आवाज कमी करणारा सायलेन्सर असणं बंधनकारक आहे. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला नवी असताना ८० डेसिबलची, ८० ते १७५ सीसीला ७७ ची मर्यादा आहे. हे आकडे चालत्या गाडीपासून साडेसात मीटरवर मोजलेले असतात, त्यामुळे अर्धा मीटरवर घेतलेल्या तुमच्या मोबाइलच्या आकड्याशी त्यांची थेट तुलना करू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२) खाली आवाज आणि प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाळगायला अपात्र अशी तरतूद आहे. महाराष्ट्रातल्या शहरांत वाहतूक पोलिस असे सायलेन्सर जागेवर उतरवतात आणि ढीग करून त्यावर रोडरोलर फिरवतात. म्हणजे सायलेन्सरचे पैसेही गेले.

नवा सायलेन्सर घ्यायचाच असेल तर कंपनीच्या अधिकृत ॲक्सेसरीत आपल्या नेमक्या मॉडेलसाठी आणि उत्सर्जन मानकासाठी दिलेलाच घ्या, आणि बिल गाडीच्या कागदांसोबत ठेवा. पाकिटावर रोड लीगल छापलं म्हणून तो तसा होत नाही.

या तीन गोष्टी करूच नका

जाळी फोडणे किंवा सळईने कप्प्यांना भोकं पाडणे. हे परत न येणारं काम आहे. पत्र्याच्या फाटलेल्या कडा पुढे वाजत राहतात, कप्प्यांचं मोजमाप बिघडून नेमक्या रोजच्या वेगावर घुमारा येतो आणि फोडलेल्या जागेतून गंज सुरू होतो.

बेंड पाइपमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे. ज्या पाइपला मधे फुगवटा दिसतो त्यात तो असतो: प्लॅटिनम गटातल्या धातूंचा मुलामा दिलेली मधाच्या पोळ्यासारखी जाळी, जी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल निरुपद्रवी करते. तो काढला की धूर विषारी होतो, पीयूसीत गाडी अडकते आणि तीक्ष्ण आवाज गाळणारी एक पायरीही जाते. भंगारात त्याला किंमत असल्याने काही ठिकाणी तो काढून फुकटात साधा पाइप बसवून देतात. फुकट कुणाला पडलं ते यावरून समजा.

पाइपचा व्यास वाढवणे. मोठा पाइप म्हणजे मोठी ताकद असा समज आहे. पाइप जाड झाला की वायूचा वेग पडतो, आणि खालच्या आरपीएमवर सिलिंडर साफ करायला तोच वेग उपयोगी असतो. यूसीईचा २८ न्यूटन-मीटर टॉर्क ४००० आरपीएमला येतो. जाड पाइपने त्याच्या खालची ओढ जाते, म्हणजे घाटात तिसऱ्या गिअरला जिथे बुलेट हवी तिथेच ती कमी पडते.

काम झाल्यावर

आधी जिथे मोजलं तिथेच, त्याच फोनवर, त्याच आरपीएमला पुन्हा मोजा. गळती काढल्यावर आकडा बहुधा थोडा उतरलेला असतो आणि रेकॉर्डिंगमध्ये ठोका मात्र जास्त भरीव ऐकू येतो. थ्रॉटल सोडताना फटाके अजून वाजत असतील तर पुन्हा हेडच्या पॅकिंगपासून सुरुवात करा. ज्या गाड्यांना एक्झॉस्टमध्ये हवा सोडणारा सेकंडरी एअर व्हॉल्व्ह असतो, त्यात त्याचा पाइप तडकलाय का तेही बघा. पॅकिंग ठीक आहे, व्हॉल्व्ह ठीक आहे, प्लग मात्र पांढरा, तर मिश्रण पातळ आहे. तशीच गाडी महिनोन् महिने चालवली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. इंजिन चालू ठेवून करायची कुठलीही तपासणी बंद पार्किंगमध्ये करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पुढे दर सर्व्हिसला हेडचे दोन नट, मधला क्लॅम्प आणि मागची रबरं तपासून घ्या, आणि पावसाळ्यापूर्वी तळाचं पाण्याचं भोक काडीने मोकळं करा.